पाटीवर धुळे, खिडकीबाहेर जावा

संगणकावरच्या खेळात खेळणाऱ्याने स्वतः केलेल्या बदलाला 'मॉड' म्हणतात. बदल केवढाही असू शकतो. गाडीचा रंग बदलला तरी तो मॉड, आणि मूळ खेळाचा मागमूसही उरू नये इतकी नवी रचना केली तरी तोही मॉडच. हे शक्य होते, कारण बहुतेक खेळांचे दोन भाग असतात. खेळ चालवणारी यंत्रणा, म्हणजे इंजिन, हा एक भाग. पडद्यावर दिसणारी चित्रे, आकृत्या, आवाज, नावे आणि नकाशे हा दुसरा. खानदेशात खापरावर पुरणपोळी भाजतात, तशी ही रीत आहे: खापर तेच राहते, त्यावर पडणारी पोळी घराघरात वेगळी असते. निर्मात्याने दुसरा भाग किती उघडा ठेवला यावर खेळणाऱ्याला काय करता येईल हे ठरते. जळगाव-धुळ्याकडच्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या मॉडचा इतिहास हा पुष्कळसा या उघड्या राहिलेल्या फाइलींचा इतिहास आहे. त्या फटींतून इथल्या खेळाडूंनी आपले क्रिकेटपटू, आपली आगगाडी आणि आपली एसटी दुसऱ्यांच्या खेळांत नेली.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८१ साली निघालेल्या 'कॅसल वोल्फेन्स्टाइन' या खेळात १९८३ मध्ये दोन तरुणांनी नाझी सैनिकांच्या जागी 'स्मर्फ' ही निळी कार्टून बुटकी मंडळी बसवली. मॉडच्या इतिहासात आरंभाचे उदाहरण म्हणून बहुधा हेच सांगितले जाते. खरे वळण मात्र १० डिसेंबर १९९३ रोजी आले. त्या दिवशी 'डूम' प्रसिद्ध झाला. त्याच्या निर्मात्यांनी, त्यातही जॉन कारमॅक यांनी, खेळाची सगळी सामग्री इंजिनापासून तोडून 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवली होती. मूळ फाइलीला हात न लावता तिच्या जोडीला आपली फाइल द्यावी आणि खेळाने ती वाचावी, अशी ही सोय होती. १९९४ मध्येच खेळाडूंनी त्यासाठी नकाशे रचण्याचे साधन तयार केले आणि त्याच वर्षी 'एलियन्स' या चित्रपटावर बेतलेला, जवळजवळ पूर्ण नवा खेळ डूमच्या इंजिनावर उभा राहिला.

पुढची पायरी 'काउंटर-स्ट्राइक'ची. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'वर हे मॉड चढवले. २००० साली हाफ-लाइफच्याच कंपनीने, व्हॉल्व्हने, ते स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणले. विशेष हे की महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांतून असंख्य मुलांनी काउंटर-स्ट्राइक खेळला, पण आपण खेळतो तो मुळात दोन खेळाडूंनी केलेला बदल आहे याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पना नव्हती. नेट कॅफेतले चार-सहा संगणक एका तारेने जोडले की इंटरनेटशिवायही तो चाले, म्हणून तो पसरला.

खानदेशातल्या मुलांनी पाहिलेले बदललेले खेळ मात्र त्याहून जुने आहेत. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे 'व्हिडिओ गेम' घराघरात आले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या या स्वस्त नकला होत्या. त्यांत घालायच्या पिवळ्या, निळ्या कॅसेटवर '९९९९९ इन १' असे छापलेले असे. एवढे खेळ अर्थातच नसत. मोजके खेळ असत आणि यादीत तेच पुन्हा पुन्हा येत: कुठे सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून, कुठे जीव तीनऐवजी तीस, कुठे हाती पहिल्यापासून मोठी बंदूक. कॅसेट बनवणाऱ्या कुणीतरी मूळ प्रणालीतले दोन-चार आकडे बदललेले असत. हे काम खेळाडूंचे नव्हे, नफ्यासाठी नकला करणाऱ्यांचे होते. तरीही खेळ हा सिनेमासारखा कायमचा ठरलेला नसतो, आतले काही बदलले की तो वेगळा वागतो, हे एका पिढीला या कॅसेटनी दाखवले.

स्वतः बदल करायला संगणक हाताशी लागतो. तो खानदेशात दोन वाटांनी आला. पहिली वाट शिक्षणाची. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (आता ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते). अभियांत्रिकी महाविद्यालये जळगाव, धुळे, शिरपूर अशी पसरली. आणि २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाल्यावर 'एमएस-सीआयटी'ची केंद्रे तालुक्याच्या ठिकाणी पोचली. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागते म्हणून मुलामुलींनी अभ्यासक्रम केला. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, नोटपॅड आणि पेंट कसे उघडायचे, हे त्यात शिकवले जाई. मॉड करायला नेमके एवढेच पहिले भांडवल लागते. दुसरी वाट नेट कॅफेची आणि कॉपी केलेल्या सीडींची. मूळ खेळ विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती, आणि तालुक्याच्या गावात तो विकायलाही नसे.

त्या सीडींतला सर्वांत गाजलेला खेळ 'जीटीए व्हाइस सिटी'. २००२ साली निघालेला हा खेळ २००३ मध्ये संगणकावर आला. ऐंशीच्या दशकातल्या मायामीसारख्या एका कल्पित शहरात तो घडतो. पण त्याच्या फोल्डरमध्ये 'हँडलिंग' नावाची एक साधी मजकुराची फाइल होती. प्रत्येक गाडीची एक ओळ: वजन किती, वेग किती, ब्रेक किती, चाकाची पकड किती. नोटपॅडमध्ये ती उघडून आकडा बदलायचा, सेव्ह करायचे, खेळ चालू करायचा, की गाडी उडू लागे किंवा बर्फावर असल्यासारखी घसरे. आकडा भलताच पडला तर खेळ उघडतच नसे आणि सीडी शोधून सगळे पुन्हा भरावे लागे. मूळ फाइलीची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवायची, हा संगणकाच्या कामातला पहिला नियम अनेकांच्या अंगवळणी पडला तो या खेळामुळे.

व्हाइस सिटीत आणखी एक दार उघडे होते. गाडीतल्या रेडिओवर खेळणाऱ्याची स्वतःची गाणी वाजावीत यासाठी निर्मात्यांनीच 'एमपी३' नावाचा रिकामा फोल्डर ठेवला होता. त्यात अहिराणी गाणे टाकले की मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर गाडीत अहिराणी गाणे वाजणार. त्यासाठी कुणाची परवानगी नको की कोणते कौशल्य नको. गाड्या बदलणे जरा अवघड होते. त्यासाठी गाडीची आकृती आणि तिच्यावर चढवायचे चित्र अशा दोन फाइली खेळाच्या मोठ्या गाठोड्यात जागा शोधून बसवाव्या लागत. ते काम करणारी छोटी साधने जगभरातल्या खेळाडूंनीच तयार करून वाटली होती. पुढे भारतीय मोटारी, रिक्षा आणि दुकानांच्या पाट्या बसवलेल्या व्हाइस सिटीच्या आवृत्त्या सीडीवरून हातोहात फिरल्या.

पण भारतात मॉडची खरी गरज निर्माण केली ती क्रिकेटने. नोव्हेंबर २००६ मध्ये ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' आला. तो बनवला होता कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने. वेष्टनावर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची ॲशेस मालिका होती आणि परवानेही प्रामुख्याने त्या बाजूचेच होते. भारतीय खेळाडूंची खरी नावे त्यात नव्हती. त्यातच दीड वर्षात क्रिकेटचे रूपच पालटले. सप्टेंबर २००७ मध्ये भारताने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, आणि ईएने त्यानंतर संगणकासाठी एकही नवा क्रिकेटचा खेळ काढला नाही. खेळ २००६ सालात गोठून राहिला आणि क्रिकेट पुढे निघून गेले. मधले अंतर संगणकावर खेळणाऱ्यांनी भरले. नावे दुरुस्त झाली, चेहरे काढले गेले, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या देशांतर्गत संघांच्या जागी मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज आले. बॅटवरची चिकटपट्टी, मैदानाभोवतीचे जाहिरातफलक, पडद्याखालचा धावफलक या सगळ्या गोष्टी म्हणजे फाइलींतली चित्रे होती. चित्र बदलले की गोष्ट बदलली. दर हंगामाला नवा 'पॅच' निघू लागला. मूळ कंपनीने वाऱ्यावर सोडलेला हा खेळ दीड दशकाहून जास्त काळ चालता राहिला, तो पूर्णपणे या बिनपगारी कामामुळे. क्रिकेटच्या एखाद्या अधिकृत खेळाला इतकी निष्ठा क्वचितच लाभली असेल.

रेल्वेच्या खेळांत भुसावळला महत्त्वाची जागा मिळणे साहजिक होते. मध्य रेल्वेच्या विभागाचे हे मुख्यालय, मुंबईहून येणारी वाट नागपूरकडे आणि खंडव्याकडे फुटते ते हे जंक्शन, आणि विजेच्या इंजिनांची मोठी शेड इथे आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टने 'ट्रेन सिम्युलेटर' काढला तेव्हा त्यात सहा मार्ग होते: दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडमधला, एक ऑस्ट्रियातला. भारतातला एकही नव्हता. पण खेळाबरोबर मार्ग रचण्याचे साधन दिले होते, आणि इंजिनाचे सारे गुणधर्म मजकुराच्या फाइलीत वाचता येतील असे लिहिलेले होते. भारतीय रेल्वेवेड्यांनी त्यावरून 'डब्ल्यूडीएम-२'सारखी डिझेल इंजिने, 'डब्ल्यूएपी-४'सारखी विजेची इंजिने आणि निळे डबे तयार केले. आपल्याकडे इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचे नाव रंगवलेले असते. जाणत्या माणसाला रंगावरून आणि या नावावरून इंजिन कुठले ते कळते. म्हणून एकाच इंजिनाची वेगवेगळ्या शेडच्या रंगांतली रूपे निघाली. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे काम करणारा विभाग बंद केला आणि खेळाचा दुसरा भाग निघालाच नाही. त्यावर स्वयंसेवकांनी 'ओपन रेल्स' नावाची मोफत प्रणाली उभारली. जुन्या खेळासाठी केलेली इंजिने आणि मार्ग तिच्यावर चालतात.

महाराष्ट्रात या साऱ्याहून खोल रुजलेले मॉड मात्र एसटीचे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून खेड्याला तालुक्याशी आणि तालुक्याला जिल्ह्याशी जोडण्याचे काम या गाडीने केले. खानदेशात जळगाव आणि धुळे हे एसटी महामंडळाचे दोन विभाग. पहिल्यात भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, चोपडा, यावल, रावेर, पाचोरा, जामनेर ही आगारे; दुसऱ्यात साक्री, शिरपूर, दोंडाईचा आणि नंदुरबार जिल्ह्यातली शहादा, नवापूर, अक्कलकुवा. शाळा-कॉलेजाचा पास, लग्नाचे वऱ्हाड, बाजाराची गोणी, दवाखान्याची वारी या सगळ्याला हीच गाडी. ज्याचे बालपण बसस्थानकावर गाड्यांच्या पाट्या वाचण्यात गेले, त्याला संगणकावर बस चालवायला मिळाली तर ती लालच हवी असणार.

पण बस चालवण्याचे चांगले खेळ युरोपातून येत. झेक कंपनीचा 'युरो ट्रक सिम्युलेटर २' (२०१२) मॉडसाठी मोकळा होता आणि भारतीय बस त्यात आल्याही. त्याला लागणारा संगणक मात्र महाग. दार उघडले ते अनपेक्षित दिशेने, इंडोनेशियातून. २०१६ च्या अखेरीस तिथल्या मुलांचा एक छंद जगभर गाजला: रस्त्याकडेला उभे राहून बसचालकाला सुरेल हॉर्न वाजवायची विनवणी करायची. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मालेओ या इंडोनेशियन कंपनीने मोबाइलसाठी 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' काढला. खेळाडूंच्या बोलीत तो 'बसिड'. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ पासून, जिओमुळे भारतात इंटरनेट स्वस्त झाले होते आणि साधा स्मार्टफोन गावोगाव पोचला होता. इंडोनेशियातही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. अरुंद रस्ते, मधेच घुसणाऱ्या मोटारसायकली, बसवर रंगांची उधळण, हे सगळे खानदेशातल्या मुलाला युरोपातल्या महामार्गापेक्षा कितीतरी ओळखीचे होते.

मालेओने दोन गोष्टी खेळाडूंच्या हाती दिल्या. पहिली 'लिव्हरी', म्हणजे बसचा रंगवेष. बसचे कवच उलगडून सपाट पसरले तर जसे दिसेल तसे एक चित्र असते: दोन्ही कडा, पुढची बाजू, पाठ, छप्पर, शिंप्याने बेतलेल्या कापडासारखे. ते चित्र फोनवरच्या साध्या चित्र-ॲपमध्ये रंगवून खेळात भरले की बस त्या रंगाची होते. दुसरी सोय नंतर आली: स्वतः घडवलेले अख्खे वाहन खेळात घालण्याची. त्यासाठी ब्लेंडरसारख्या प्रणालीत बसची त्रिमिती आकृती उभी करावी लागते आणि ती खेळाच्या साच्यात रूपांतरित करावी लागते. पहिल्या सोयीने इंडोनेशियन बसला लाल रंग मिळाला. दुसरीने प्रत्यक्ष एसटीच आली. साधी लाल परी, १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांवरून 'एशियाड' हे नाव पडलेली निमआराम गाडी, शिवनेरी, २०१७ ची शिवशाही, पंढरीच्या वारीची आठवण देणारी विठाई: महामंडळाने जे जे रस्त्यावर आणले ते खेळाडूंनी पडद्यावर आणले. केरळात खासगी पर्यटन बसच्या झगमगीत रंगवेषांची लाट होती, तर महाराष्ट्रात ओढ सरकारी गाडीची राहिली, हा फरक नोंदवण्यासारखा आहे.

या कामातली कसोटी बारकाव्यांची. लाल रंगाची नेमकी छटा, महामंडळाचे बोधचिन्ह आणि 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद, पुढच्या काचेमागची मार्गाची पाटी, मागची शिडी, खिडक्यांचे गज. सर्वांत जास्त चुका होतात त्या नंबरप्लेटवर. धुळ्याचा क्रमांक एमएच १८, जळगावचा एमएच १९, नंदुरबारचा एमएच ३९. म्हणून नवखा माणूस जळगाव आगाराच्या गाडीवर बेधडक एमएच १९ लिहितो. पण एसटीच्या स्वतःच्या गाड्या महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधल्या जात आणि नोंदणी तिथेच होई: दापोडीची गाडी एमएच १४, औरंगाबादच्या चिकलठाण्याची एमएच २०, नागपूरच्या हिंगण्याची एमएच ४०. यावल आगाराची गाडी एमएच २० किंवा एमएच १४ असणेच खरे. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. स्थानकावर तासन् तास उभे राहून गाड्या न्याहाळणाऱ्यालाच ती ठाऊक असते. हौशी माणसांच्या कामाला किंमत येते ती इथे.

आणखी एक गोष्ट या लाल बसने केली, जी आधीच्या खेळांना फारशी साधली नव्हती. देवनागरी पडद्यावर आणली. परदेशी खेळांतल्या मजकुराच्या यंत्रणा रोमन लिपीसाठी घडवलेल्या. त्यांत काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे जुळत नाहीत. व्हाइस सिटीच्या संवादांत मराठी घालणे जवळजवळ अशक्य होते. पण रंगवेष म्हणजे चित्र, आणि चित्रात काहीही लिहिता येते. मराठी या खेळांत शिरली ती रंगवलेली पाटी होऊन. आगारातल्या रंगाऱ्याने पत्र्यावर 'शिरपूर' लिहावे तसे खेळाडूने फोनच्या पडद्यावर बोटाने 'शिरपूर' लिहिले. शिरोरेषा कुठे तोडायची, 'ळ' किती गोल काढायचा, हे प्रश्न दोघांपुढे सारखेच.

रस्ता मात्र बराच काळ परकाच राहिला. पाटीवर 'जळगाव – धुळे', मधली गावे एरंडोल आणि पारोळा, पण खिडकीबाहेर जावा बेटावरची भातशेती आणि इंडोनेशियन भाषेतले फलक. खेळाच्या मुख्य सामग्रीच्या फाइलीत फेरफार करून रहदारीत भारतीय ट्रक आणि रिक्षा सोडणारी मॉड पुढे निघाली. कंपनीने दिलेल्या सोयीबाहेरचे हे काम. खेळाची नवी आवृत्ती आली की ते मोडते आणि पुन्हा करावे लागते. कापसाचे शेत, केळीच्या बागा, तापीवरचा पूल हे सारे घडवायला एका बसपेक्षा कितीतरी जास्त मेहनत लागते.

दुसऱ्याची कलाकृती आपल्या गावच्या अंगाने पुन्हा घडवण्याची ही रीत या भागाला नवी नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. कथा ओळखीची, माणसे आणि गल्ल्या मालेगावच्या, साधने हाताला लागतील ती. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ती धडपड जगापुढे नेली. सिनेमात ज्याला विडंबन म्हटले गेले, त्याच्या आतली इच्छा आणि व्हाइस सिटीत रिक्षा सोडणाऱ्याची इच्छा एकाच जातीची आहे.

कायद्याच्या दृष्टीने मॉडची जागा अधांतरी राहिली आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये, 'ड्यूक नुकेम ३डी'साठी खेळाडूंनी रचलेले टप्पे गोळा करून सीडीवर विकणाऱ्या मायक्रो स्टार या कंपनीविरुद्ध न्यायालयाने निकाल दिला: मूळ खेळाच्या कथेवर उभे राहिलेले हे टप्पे मूळ मालकाच्या हक्कात येतात. भारतात १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणक प्रणालीला साहित्यकृतीप्रमाणे कॉपीराइट मिळतो आणि रूपांतराचा हक्क निर्मात्याकडेच असतो. व्यवहारात कंपन्या बहुधा डोळेझाक करतात, कारण मॉडमुळे खेळ जिवंत राहतो. काही जण मालेओसारखी उघड परवानगी देतात. उलट बाजूने मॉड करणाऱ्यांच्याही तक्रारी आहेत. महिनाभर खपून घडवलेली बस कुणीतरी आपल्या नावावर खपवतो, म्हणून पुष्कळ जण आपली फाइल कुलूपबंद करून देतात. उघड्या फाइलींवर वाढलेल्या छंदात हे कुलूप खटकते, पण श्रमाचे नाव राखायचा दुसरा उपायही त्यांच्यापाशी नाही.

दरम्यान रस्त्यावरची एसटी बदलत चालली आहे. ॲल्युमिनियमच्या बांधणीची जागा पोलादी बांधणीने घेतली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची गाडी धावली. आयुष्य संपलेल्या जुन्या गाड्या भंगारात निघतात. त्यांची आतली रचना, चालकाच्या बाजूचा गरम बॉनेट, सरकत्या काचांच्या खिडक्या कुणी जपून ठेवत नाही. त्या गाड्यांची मापे आणि छायाचित्रे जमवून त्यांच्या आकृत्या उभ्या करण्याचे काम आता मॉड करणाऱ्यांकडे आहे. फोनमधल्या फाइलींत त्या गाड्या आपल्या आगाराच्या नावासह, मूळ क्रमांकासह आणि रंगाच्या जुन्या छटेसह शिल्लक आहेत.